उसासा आणि आश्वासन



स्वयंपाकघरात, ओसरीवर, मठाच्या पायरीवर दिवसातून कितीतरी वेळा एक आवाज आपल्या कानी पडतो आणि आपण तो ऐकला असे मानीत नाही. तो आवाज सुस्काऱ्याचा. उच्चारलेल्या शब्दाची जबाबदारी उच्चारणाऱ्यावर असते, हे सर्वांना मान्य आहे. नुसत्या सोडलेल्या श्वासाची जबाबदारी कोणाची? सोडणाऱ्याची की ऐकणाऱ्याची? या लेखात तेवढाच विचार करावयाचा आहे.

मराठीत श्वासाच्या आवाजाला नावे पुष्कळ आहेत. ओझे खाली ठेवले की 'हुश्श', चढ चढल्यावर धाप, रडे आवरेना की हुंदका, दुखणाइताचे कण्हणे, शेवटच्या घटकेची घरघर. मनातले दुःख छातीतून बाहेर पडते तो उसासा. हा शब्द संस्कृत उच्छ्वासापासून आला. सुस्कारा मात्र कानाने घडविलेला दिसतो, आवाजासारखाच शब्द. 'दम' फारसीतून आला. आपण दम खातो, दम धरतो आणि रागावलो की दुसऱ्याला दम देतो. (शम-दमातला दम निराळा, तो संस्कृत असून त्याचा अर्थ इंद्रियनिग्रह. प्रवचनकारांनी दोहोंची गल्लत करू नये.)

आपल्या सीमाभागात एकाच घरात दोन भाषा नांदतात. कन्नडमध्ये श्वासाला 'उसिरु' म्हणतात आणि दीर्घ निःश्वासाला 'निट्टुसिरु'. जुन्या कन्नडात याच 'उसिर्' क्रियापदाचा अर्थ श्वास घेणे असा आहे, तसाच बोलणे, सांगणे असाही आहे. ज्या भाषेत शरणांनी वचने सांगितली, तिने श्वास आणि बोल यांच्यामध्ये भिंत घातलेली नाही. तेव्हा उसासा हेही एक बोलणेच आहे, एवढे धरून पुढे जाऊ.

येथे काही भाविक शंका काढतात. प्रसादीस्थळी जे वाट्याला येईल ते प्रसाद म्हणून स्वीकारावयाचे; मग उसासा टाकणे म्हणजे प्रसादाला नाक मुरडणेच नव्हे काय? हा युक्तिवाद आम्हास कधीच पटला नाही. ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे तेथे जाऊन 'उसासे टाकू नका, ही शिवाची इच्छा' असे सांगणाऱ्याला भक्त म्हणावे की निर्दय, हा प्रश्न पडतो. अक्कमहादेवींच्या वचनांत चेन्नमल्लिकार्जुनासाठीची तळमळ उघडी आहे. ती त्यांनी झाकली नाही. शिवाय शरीराचा धर्मही पाहावा. आपल्याला न कळत दर काही मिनिटांनी एक खोल श्वास आपण घेतो. फुप्फुसातल्या ज्या बारीक वायुकोशांची तोंडे मिटतात, ती त्याने पुन्हा उघडतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या कोणत्या पेशी हे काम करवितात, ते २०१६ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवरील संशोधनातून पुढे आले. ज्याच्यावाचून शरीर चालत नाही, त्याला अभक्ती कसे म्हणावे?

मग उसाशात दोष कधीच नाही का? आहे. भरतमुनींनी निःश्वास करुण रसाच्या अनुभावांत घातला. अश्रू, स्वेद, रोमांच यांना मिळालेले आठ सात्त्विक भावांतले स्थान त्याला दिले नाही. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण सरळ आहे. घाम मुद्दाम आणता येत नाही, सुस्कारा आणता येतो. पंक्तीत वाढताना पाहुण्याला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला की पाहुण्याचा घास घशातच अडकतो, आणि तेथे दासोह उरत नाही, उपकार उरतो. परंतु हे लिहितानाच सांगितले पाहिजे की पहाटेपासून दोनशे पानांचा स्वयंपाक करणाऱ्या माउलीचा सुस्कारा या सदरात येत नाही. तिला दोष देणाऱ्याने आधी उठून पातेल्याचा दुसरा कान धरावा. घाटावर कपडे आपटताना परीट प्रत्येक आपटीला तोंडाने 'श्स' असा श्वास सोडतो. मडिवाळ माचय्यांच्या कायकातला तो श्वास. त्याला कोणी गाऱ्हाणे म्हणत नाही.

आता ऐकणाऱ्याकडे वळू, कारण आमच्या मते भार मुख्यतः तेथेच आहे. षट्स्थलातील चौथे स्थळ प्राणलिंगी. तेथे प्राण लिंगाहून वेगळा उरत नाही. हे केवळ स्वतःच्या प्राणापुरते खरे आणि शेजाऱ्याच्या प्राणाला लागू नाही, असे कसे होईल? संस्कृत व्याकरणही येथे उपयोगी पडते. 'श्वस्' या एकाच धातूपासून निःश्वास, विश्वास आणि आश्वासन हे तिन्ही शब्द झाले. 'आश्वस्' म्हणजे पुन्हा श्वास येणे, जिवात जीव येणे. दुसऱ्याला तसा श्वास येऊ देणे ते आश्वासन. निवडणुकीच्या दिवसांत या शब्दाची जी दशा होते ती सर्व जाणतात, पण मूळ अर्थ असा शरीराइतका जवळचा आहे.

रात्री बाहेरच्या खोलीत म्हातारे वडील उसासा टाकतात आणि आत टीव्हीचा आवाज वाढविला जातो, ही गोष्ट पुष्कळ घरांत घडते. कोणी उठून 'काय झालं आप्पा?' म्हणून विचारले तर पहिले उत्तर बहुधा येते, 'काही नाही रे.' त्या उत्तरावर समाधान मानून परत फिरणे सोपे असते. जो तेथेच काठावर बसून राहतो त्याला थोड्या वेळाने दुसरे उत्तर मिळते. कधी ते गुडघ्याचे असते, कधी भावाभावांतल्या वाटणीचे, कधी आईच्या आठवणीचे. आणि कधी खरोखरच काही नसते.