अपरिग्रह कोणाचा?

लंडनमधली व्हिक्टोरियन काळातली, भिंतीला भिंत लागून बांधलेली रांगेतली घरे हल्ली आतून पुन्हा कापली जातात. एका कुटुंबाच्या घरात चार-पाच बिऱ्हाडे बसवायची, पलंग भिंतीत दुमडायचा, शेगडी टेबलाच्या झाकणाखाली दडवायची आणि जाहिरातीत सांगायचे की कमी वस्तूंत जगणे हेच खरे शहाणपण. ही भाषा आपल्या ओळखीची आहे, कारण ती अपरिग्रहाची आहे. म्हणूनच इथे वास्तुरचनेइतकाच धर्मविचाराचाही प्रश्न उभा राहतो: अपरिग्रह दुसऱ्याला भाड्याने देता येतो का?

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंग्रहात, एक नियम आहे. भिक्षूला दात्याशिवाय, मागून आणलेल्या सामानाने स्वतःसाठी कुटी बांधायची असेल, तर ती लांबीला बारा आणि रुंदीला सात सुगत-वितींहून, म्हणजे बुद्धाच्या वितीच्या मापाहून, मोठी नसावी. यामागची कथा अशी की आळवी गावचे भिक्षू बेसुमार कुट्या बांधत आणि त्यासाठी इतके मागत, की ते दिसताच लोक वाट बदलत. म्हणजे हा नियम लहान घराच्या कौतुकातून आला नाही. एकाच्या हव्यासाचा भार दुसऱ्यावर पडू नये, म्हणून आला. कुटीभोवती फिरायला मोकळी जागा हवी, अशीही त्यात अट आहे. इंग्लंडचा कायदा उलट टोकाकडून मोजतो. 2015 च्या राष्ट्रीय निकषानुसार एकट्या माणसाच्या नव्या घराला किमान 37 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 400 चौरस फूट जागा हवी. मात्र तो सर्वत्र आपोआप लागत नाही; बहुतेक वेळा स्थानिक नियोजनाने स्वीकारला असेल तिथेच लागतो. परवाना लागणाऱ्या सामायिक घरांत एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला 2018 पासून किमान 6.51 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 70 चौरस फूट जागा बंधनकारक आहे. व्रत स्वतःच्या गरजेला कमाल मर्यादा घालते, कायदा दुसऱ्याला द्यायच्या जागेची किमान मर्यादा ठरवतो. दोन्हींचा रोख हाती सत्ता असलेल्याच्या हावेवर आहे. जाहिरात मात्र व्रताचे शब्द उचलते आणि आवर भाडेकरूला घालते.

यावर कोणी म्हणेल, भाडेकरू राजीखुशीने येतो. पण त्याच पैशात मोठी खोली मिळत असताना त्याने लहान निवडली, तरच त्याला निवड म्हणता येईल. तापाने फणफणलेला माणूस दिवसभर पडून राहिला की पलंग खालीच राहतो, मग त्या घरात टेबल उरत नाही. पाहुण्याला बसायला जागा नसते. संन्यासी हे ठरवून सोडतो, भाडेकरूकडून ते काढून घेतले जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: किमान मर्यादा वाढवली की घरे कमी होतात, भाडी चढतात आणि सर्वांत गरीब माणूस रस्त्यावर येतो. शिवाय जुने घर पाडण्यापेक्षा वापरणे केव्हाही बरे. हे दोन्ही मान्य. पण त्यातून लहान खोलीची निकड सिद्ध होते, तिचे पुण्य नव्हे. आणि निकडीला पुण्य म्हटले की ती दूर करण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. म्हणून लहान घराला सरसकट विरोध नको, वाचलेली जागा कुठे गेली ते पाहावे. ती सर्वांच्या स्वयंपाकघराला, उजेडाला, मागच्या अंगणाला मिळाली असेल, तर तिथल्या लोकांनी मिळून पाळलेला तो संयम आहे. ती आणखी एका भाडेकरूच्या खोलीत गेली असेल, तर भाडेकरू कितीही कमी वस्तूंत राहोत, तो घरमालकाचा परिग्रहच आहे.