देव्हाऱ्यातले नाणे

महाराष्ट्रातल्या कित्येक देव्हाऱ्यांत टाकांशेजारी एखादे जुने नाणे असते. कधी राणीछाप रुपया, कधी शिवराई, कधी रामपंचायतनाचा ठसा असलेला रामटंका. लक्ष्मीपूजनाला ते ताम्हनात येते, त्याला हळदकुंकू लागते. घराच्या वाटण्या निघाल्या की त्याच्याविषयी दोन प्रश्न उभे राहतात: ते खरे आहे का, आणि त्याचे मोल किती? बहुतेकांना हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. तसे ते नाहीत.

राणीछाप रुपया साधारणपणे खरा असतो. वजन ११.६६ ग्रॅम म्हणजे एक तोळा, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. पण १८६२ हे साल पाहून हरखण्याचे कारण नाही. तेच साल टाकसाळींनी १८७४ पर्यंत छापले. असा झिजलेला रुपया सराफाकडे मोडीच्या भावापेक्षा फारसा वर जात नाही. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया वयाने कितीतरी लहान, पण दुर्मीळ म्हणून महाग. शिवराईचेही तसेच. शिवछत्रपतींच्या नावाचे हे तांब्याचे नाणे पेशवाईतही पडत राहिले, त्यामुळे हाती येणारी बहुतेक शिवराई उत्तरकालीन असते. वय आणि मोल यांची जोडी लोकसमजुतीने लावलेली आहे, बाजार दुर्मीळता आणि स्थिती पाहतो.

रामटंक्याचे प्रकरण अवघड आहे. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता किंवा नुसता हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल. असे चलन कंपनीने कधीच पाडले नाही. हे टंके भाविकांसाठी बनवले गेले आणि त्यांवरचे सन शोभेचे आहेत. त्यांची किंमत लाखांत सांगणारा एक तर फसलेला असतो, नाही तर फसवायला आलेला.

मग अशा टंक्याची तीन पिढ्यांनी केलेली पूजाही खोटी ठरते का?

ज्ञान खरे कसे ठरते, यावर भारतीय दर्शनांत जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते; बाधक पुरावा येईपर्यंत त्यावर संशय घेण्याचे कारण नाही. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून ठरते, ज्ञानाच्या भरवशावर केलेली कृती फळली की. ‘पणजोबांपासून आहे’ म्हणून नाणे खरे मानणारे घर नकळत मीमांसक असते, तर नाणे वाजवून, तोलून, कसोटीवर घासून घेणारा सराफ नैयायिक. बाजारात नैयायिकाचीच वाट धरावी लागते.

देव्हाऱ्याच्या प्रश्नाला मात्र विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’तले ध्यानदीप हे प्रकरण अधिक उपयोगी पडते. दोघांना लांबून प्रकाश दिसतो आणि दोघेही त्यालाच रत्न समजून धावतात. एकाने पाहिलेला प्रकाश दिव्याचा असतो, त्याच्या हाती काही येत नाही. दुसऱ्याने पाहिलेली प्रभा खरोखर रत्नाची असते; प्रभेला रत्न समजणे ही चूकच, तरी त्याला रत्न मिळते. पहिला विसंवादी भ्रम, दुसरा संवादी. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी हा दृष्टान्त आधी वापरला होता. विद्यारण्य तो उपासनेला लावतात.

या मोजमापाने रामटंका रामापाशी नेत असेल, तर त्यावरचे साल खोटे असल्याने उपासकाचे काही बिघडत नाही. तोच टंका ‘कंपनीचे नाणे’ म्हणून विकायला काढणारा मात्र दिव्याकडे धावणारा ठरतो. वस्तू एकच, भ्रम कोणता, हे तिच्याकडून काय मागितले यावर ठरते.

देव्हाऱ्यातले आणि बाजारातले, ही दोन्ही मोले एकमेकांना खातातही. दर दिवाळीला चिंच लावून घासलेला रुपया देवाला उजळ वाटतो, पण संग्राहकाच्या लेखी त्याच्यावरचा काळाचा थर आणि ठशाची धार गेलेली असते. गळ्यात घालण्यासाठी कडी जोडलेले नाणे तर तो बहुधा हातातही घेत नाही.