उतारशाळेचा रक्षक

शास्त्रपाठ : लूक १०:२५–३७



यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला तो मनुष्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. याजक कोण, लेवी कोण, शोमरोनी कोण, हें शब्बाथ शाळेंतील लहान मुलेंहि सांगतात. परंतु त्या कथेंत आणखी एक मनुष्य आहे, आणि त्याच्याविषयीं आम्हीं स्वतः कधीं उपदेश केला नव्हता. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोन्यानें जखमा बांधिल्या व आपल्या जनावरावर घालून त्यास आणिलें. पण रात्र पडली तेव्हां त्या अर्धमेल्या मनुष्यास छप्पर कोणाचें मिळालें? आलेला कोण, कोठला, हें न कळतां एका परक्या इसमानें दार उघडिलें. त्यास दोन नाणीं मिळालीं हें खरें. परंतु दोन नाण्यांसाठीं असा मनुष्य आपण घरांत घेतला असता काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत ही कथा आमच्या वेशीशीं आली. २२ तारखेच्या रात्रीपासून खडवलीवरून जाणाऱ्या लोकल गाड्या सामान्य उतारूंस बंद झाल्या, आणि २४ तारखेच्या रात्रीं पंतप्रधानांनीं सर्व देश २१ दिवस बंद राहील असें जाहीर केलें. आज्ञा अशी होती कीं, सर्वांनीं घरीं राहावें. करोनाचा रोग श्वासावाटें पसरतो, म्हणून आज्ञा योग्यच होती. परंतु ज्यास घरच नाहीं त्यानें ती पाळावी कशी? मुंबई, ठाणें, भिवंडी येथील कामें बंद पडलीं, मजुरी थांबली, खोलीचें भाडें मात्र थांबलें नाहीं; आणि हजारों लोक आपल्या गांवांकडे पायींच निघाले. मुंबई-आग्रा रस्त्यानें पडघा, शहापूर व पुढें कसारा घाट, अशी ती वाट. खडवली फाट्यावरून डोक्यावर बोचकें व कडेवर मूल घेतलेलीं माणसें जातांना आम्हीं पाहिलीं. कित्येकांस नाशिक जिल्ह्यांत अडवून निवाऱ्यांत ठेविलें गेलें. १ मे रोजीं नाशिक रोडहून भोपाळकडे मजुरांची खास गाडी सुटली तोंवर त्यांनीं तेथेंच दिवस काढिले. सर्वांच्या नशिबीं तेवढेंहि नव्हतें. ८ मे रोजीं पहांटे, जालन्याहून भुसावळाकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर निजले असतां मालगाडीखालीं सांपडून मेले. त्यांची शिदोरी रुळांवर विखुरलेली होती. तीं माणसें रोगानें मेलीं नाहींत.

महाराष्ट्रांतील अनेक गांवांप्रमाणें आमच्या बाजूच्या गांवांनींहि वाटेवर बांबू आडवे बांधिले. त्यांत दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. गांवांत म्हातारीं माणसें होतीं, दमेकरी होते. सावधगिरी म्हणजे अविश्वास नव्हे. लेवीयाच्या १३ व्या अध्यायांत रोग्यास छावणीबाहेर ठेवण्याचा नियम आहे. पण पुढच्याच अध्यायांत, याजकानें छावणीबाहेर त्याच्याकडे जावें, असेंहि सांगितलें आहे. आपण पहिला अध्याय पाळिला व दुसरा विसरलों. बांबू रोगासाठीं बांधिला, आणि त्यानें अडविलें माणसांस. तहानलेलीं माणसें पलीकडून पाणी मागत होतीं, आणि आम्ही तोंडास फडकें बांधून इकडे गप्प उभे होतों.

दुसऱ्या दिवशीं कातकरवाडींतील एका म्हाताऱ्या बाईनें बांबूच्या बाहेर, आंब्याखालीं, पाण्याचा हंडा व ओगराळें ठेविलें. ती दहा पावलें मागें सरून बसे. वाटसरू येत, ओंजळीनें पाणी पीत, पुढें जात. मग ती हंडा घांसून पुन्हां भरी. तिनें नियम मोडला नाहीं, आणि कोणास तहानलेलें जाऊं दिलें नाहीं.

आमच्या अपराधाची आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. त्या दिवसांत आमचें उपासनामंदिर कुलूपबंद होतें. राज्यांतील प्रार्थनास्थळें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, तोंपर्यंत बंदच होतीं. किल्ली आमच्या खुंटीवर होती. आंत चार मोठ्या खिडक्या, बाहेर ओसरी, शेजारीं विहीर. आणि समोरच्या पिंपळाखालीं एक गरोदर स्त्री, तिचा नवरा व दोन मुलें रात्र काढीत होतीं. बंदी उपासनेसाठीं जमण्यास होती. थकलेल्या चौघांस ओसरीवर निजूं द्यावें काय, हें तलाठ्यास विचारावें असें आम्हांस सुचलें नाहीं. कदाचित् सुचलेंहि असेल, आणि आम्हीं तें मनांत दाबिलें असेल. सकाळीं पिंपळाखालीं कोणी नव्हतें.

आपल्याच पूर्वजांनीं याहून कठीण काळांत दारें उघडिलीं आहेत. १८९७ च्या सुमारास पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतील दुष्काळांतून निराधार मुली व विधवा पुण्यास आणिल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग होता, आणि त्यांस शहरांत ठेवण्यास सरकारी नियम आड आले. बाईंनीं त्यांस परत धाडिलें नाहीं. केडगांवच्या आपल्या शेतावर नेऊन तात्पुरता निवारा उभा केला, आणि पुढें त्याच जागीं मुक्तिसदन वाढलें. १८९७ सालींच, १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करितां करितां त्याच रोगानें वारल्या. त्या आपल्या मंडळींतल्या नव्हत्या, असें कोणी म्हणेल. शोमरोनी तरी कोठें यहूद्यांच्या मंडळींतला होता?

उपदेशक बंधूंस येथें थोडें स्पष्ट लिहितों. साथीच्या दिवसांत निवारा द्यावयाचा तर ओसरी किंवा पडवी कोंदट खोलीहून बरी. वारा खेळता असावा, अंथरुणें दूर दूर असावीं, आजारी मनुष्य निराळा असावा, आणि दवाखान्यास लगेच कळवावें. भाकरीबरोबर पत्रिका देऊं नये. भुकेल्यास ती भाकरीची किंमत वाटते. ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याच्या बाजूस उभें राहणें हेंहि निवारा देणेंच आहे. लस टोंचण्याचें काम सुरू झालें तेव्हां नांवनोंदणीस ओळखपत्र लागत असे; तें नसणाऱ्यांसाठीं केंद्र सरकारनें मे २०२१ मध्यें निराळी सोय केली. परंतु अशी सोय आहे हें पुलाखालीं निजणाऱ्यास कोणी जाऊन सांगितल्यावांचून कसें कळावें?

आमच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबें उचल घेऊन दिवाळीनंतर येतात व पावसापूर्वीं परततात. साथ अशा वेळीं आली तर तीं ना गांवचीं, ना भट्टीचीं. म्हणून भट्ट्या लागल्या म्हणजे उपदेशकांनीं एकदां फिरून यावें, आणि कोठें किती कुटुंबें आहेत, मुलें किती, कोणाजवळ शिधापत्रिका नाहीं, हें वहींत लिहून ठेवावें. साथ आल्यावर हें विचारण्यास सवड राहत नाहीं. मंडळीच्या पंचांनीं ओसरीवर पाण्याचा रांजण बसविला आहे, आणि मंदिराची दुसरी किल्ली आतां कातकरवाडींत, त्या म्हाताऱ्या बाईच्या घरीं असते.