उलट बाजूचा टाका

शिवणाच्या तासाला मुली रुमालावर लेझी डेझीच्या टाक्याने साधे फूल भरतात. दोऱ्याचा सैल फास आणि त्याच्या टोकाला एक बारीक टाका, की पाकळी झाली; अशा 5 पाकळ्या. शेवटी दोरा मागच्या टाक्यांखालून ओवून मगच कापायचा. एका मुलीने तो तसाच कापला. म्हणाली, "बाई, उलट बाजू कोण बघतंय?" दोन धुण्यांत पाकळी सुटली.

पण बंधुभगिनींनो, सुटली नसती तर ते काम चोख ठरले असते काय? माझ्या मते नाही. रुमाल वापरणारा सुलट बाजू पाहून उलट बाजूवरही विश्वास ठेवतो. वरून कोणी पाहत आहे या भीतीने नव्हे, तर त्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून टाका पक्का करावा. शील म्हणतात ते यालाच.