तटाच्या आतले आणि बाहेरचे

दुर्ग पाहावयास जाणाऱ्या माणसाच्या मनात एक सुप्त समाधान असते. उंच दरवाज्याखालून तो आत शिरतो आणि शिरताक्षणीच आपण आतल्यांपैकी आहोत असे धरून चालतो. बुरुजावरून खोऱ्याकडे पाहताना त्याची दृष्टी किल्लेदाराची असते. दरवाजा लागल्यावर ज्याला रात्र बाहेर काढावी लागली अशा एखाद्या मोळीविक्याची ती कधीच नसते. गेल्या आषाढात आम्ही उभयता पन्हाळ्यास गेलो असता आमच्या या समाधानास थोडा धक्का बसला. त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

प्रश्नाचे बीज मात्र घरचे. आमच्या परसात वडिलार्जित आड आहे. मागल्या गल्लीतील चार-पाच घरे उन्हाळ्यात त्याचे पाणी नेत आणि त्यांच्यासाठी कुंपणातून एक वाट ठेवलेली असे. गतवर्षी आळीत एक चोरी झाली. तेव्हा आम्ही कुंपण काढून पुरुषभर उंचीची दगडी भिंत घातली आणि ती वाट बुजविली. चोर त्या वाटेने आला नव्हता. त्या घरांपैकी कोणावर संशयही नव्हता. सुरक्षितता पाहिलीच पाहिजे, एवढेच आम्ही म्हणालो. सौभाग्यवती त्या वेळी काही बोलल्या नाहीत. परंतु वैशाखात मागल्या घरची म्हातारी घागर घेऊन लांबच्या नळाकडे जाताना दिसली, आणि तेव्हापासून हा विषय निघाला की लौकर मिटेनासा झाला. पन्हाळ्याचा बेत हा काही अंशी तो विषय टाळण्याचाच बेत होता.

कोल्हापुराच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरांवर हा गड आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधविला. पुढे बहामनी, आदिलशाही, मराठे, मोगल आणि पुन्हा मराठे असे त्याचे धनी पालटत गेले. 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले गेले त्यांत पन्हाळा आहे. गडावर आजही वस्ती नांदते, एस.टी. थेट माथ्यापर्यंत जाते आणि पावसात झुणका-भाकरीच्या टपऱ्यांतून धूर निघत असतो. तीन दरवाज्याची आदिलशाही कारागिरी आम्ही निवांत पाहिली. तेथून जवळच असलेल्या अंधार बावीत उतरलो. ही तीन मजली दगडी इमारत आहे. तळाशी पाणी, वर पहारेकऱ्यांची जागा, आणि तटातून बाहेर निसटण्यासाठी ठेवलेली एक चोरवाट. वेढ्यात शत्रूने पाणी नासवू नये, यासाठी विहिरीवरच किल्ला बांधावा ही कल्पना आम्हांस फार चतुर वाटली आणि आम्ही तसे बोलूनही दाखविले.

सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपल्याला पाणी मिळावे म्हणून हे बांधले, की दुसऱ्याला मिळू नये म्हणून?"

आम्ही उत्तर दिले की युद्धात ही दोन्ही एकच असतात. त्या म्हणाल्या, "आणि आपल्या आळीत कोणते युद्ध चालू आहे?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, म्हणून आम्ही इतिहासाचा आश्रय घेतला. अंबरखान्याकडे जाताना 1660 च्या वेढ्याची हकीकत त्यांस सांगू लागलो. मार्चात शिवाजी महाराज पन्हाळ्यावर आले आणि आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने गडास वेढा घातला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनीही वेढा घालणाऱ्यांस तोफखान्याचे साहाय्य केले. चार महिने लोटले. तट पडला नाही. तथापि जो तट शत्रूस आत येऊ देत नव्हता त्याच्याच आत महाराज अडकून पडले होते. अखेर जुलैतील एका पावसाळी रात्री सुमारे सहाशे माणसांनिशी ते गडाबाहेर पडले. परंपरा सांगते की दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद हा न्हावी बसला होता. तो सापडला आणि ओळख पटताच मारला गेला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह शत्रूस अडवीत पडले आणि महाराज विशाळगडी पोहोचले. पन्हाळा मात्र त्याच वर्षी तहात आदिलशहास द्यावा लागला. पुढे मार्च 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी एका रात्रीत तो परत घेतला. ज्या तटापुढे एक मोठी फौज चार महिने अडून बसली, तोच तट साठ माणसांपुढे उभा राहू शकला नाही.

यावरून माणूस हाच खरा तट होय, असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे रीत आहे. विधान खोटे नाही, परंतु ते उच्चारणे फार सोयीचे असते. ते उच्चारणारा स्वतः तट होऊन उभा राहील, असे क्वचितच घडते. तट होण्याचे काम त्याच्या मनात दुसऱ्या कोणाकडे तरी सोपविलेले असते. 1844 साली याच पन्हाळ्यावर गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. पिढ्यान्‌पिढ्या गड राखण्याच्या मोबदल्यात ज्यांना जमिनी होत्या, त्यांच्या त्या जमिनींवर नव्या कारभाराने हात घातला होता. उठाव मोडला गेला आणि चार दरवाजा पाडण्यात आला. आज आपली गाडी जेथून सुखाने आत जाते ती जागा त्या दरवाज्याची आहे. दरवाजा कोणाचा होता हे आपण विचारतो. तो राखणाऱ्यांच्या भाकरीचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे आपल्या ध्यानी येत नाही.

येथे एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. भिंतीवाचून संसार चालत नाही आणि राज्यही चालत नाही. त्या रात्री महाराज सापडते तर उगवते राज्य बुडाले असते. एकाने जाऊन अनेकांचे राखले यात अन्याय कोणता? आमच्या मते अन्याय नाही, आणि त्याची कारणे दोन. शिवा काशीद जाणूनबुजून गेला, हे पहिले. दुसरे असे की ज्यांच्यासाठी माणसे गेली त्यांनी ते ऋण आपल्या माथी घेतले. खिंडीतील पराक्रमानंतर दरबारातील पहिल्या पानाचा मान बांदलांस मिळाला, असे परंपरेने सांगितले जाते. मानाने गेलेला जीव परत येत नाही; परंतु आत राहिलेला माणूस बाहेर गेलेल्याचा देणेकरी आहे, ही गोष्ट चारचौघांत मान्य होते. भिंतीची नीती पाहावयाची तर तिची उंची मोजून भागत नाही. बाहेर कोण आहे, तो आपण होऊन गेला की त्यास ठेवले गेले, आणि आतल्यांस त्याची आठवण आहे की नाही, हे पाहावे लागते.

हे सारे आम्ही मोठ्या समाधानाने मांडीत होतो. अंबरखान्याच्या गंगा कोठीत उभे असताना सौभाग्यवतींनी शांतपणे एवढेच म्हटले, "शिवा काशीद स्वतः गेला होता. म्हातारीला आपण बाहेर ठेवले."

त्या प्रचंड कोठीत क्षणभर पावसाचाच आवाज ऐकू येत होता. हजारो खंडी धान्य साठवावे म्हणून बांधलेली ती जागा आज रिकामी आहे. भीती हे साठवणीचे पहिले कारण होय, आणि पुष्कळदा ते खरेही असते. दुष्काळ येतो, शत्रूही येतो. परंतु भय ओसरल्यावरही भिंत तशीच राहते, आणि कालांतराने आपण ती कशासाठी घातली हे विसरून तिलाच आपला स्वभाव समजू लागतो. आमच्या बाबतीत तर भयाचा आणि त्या वाटेचा काही संबंधच नव्हता. आम्ही चोरास भ्यालो, आणि पाणी बंद झाले ते शेजाऱ्यांचे.

परत येताना गाडीत हा विषय आम्ही आपण होऊन काढला. भिंत पाडण्यास आमची अजून तयारी नाही. ती पाडावी असा सौभाग्यवतींचाही आग्रह नाही. तिच्यात पूर्वीच्या जागी एक दार बसवावे असे ठरले आणि दुसऱ्या दिवशी गवंड्यास सांगितलेही. दारास कडी आतून असावी की बाहेरून, असे त्याने विचारले. आम्ही आतून म्हणालो, सौभाग्यवती काहीच म्हणाल्या नाहीत. गवंडी पुढल्या आठवड्यात येणार आहे.