गोठ्यातील बुद्धी

ज्या प्राण्यांना मनुष्याने आपल्या आश्रयाखाली घेतले त्यांचे त्याने कालांतराने दोन वर्ग केले, आणि एका वर्गाला घरात व दुसऱ्याला गोठ्यात जागा देऊन झाल्यावर, जागेच्या या वाटणीलाच बुद्धीची वाटणी समजण्याची सवय त्याला जडली. कुत्रा शहाणा, मांजर धूर्त; गाय भोळी, म्हैस जड, शेळी मूर्ख, आणि डुक्कर तर विचारात घेण्याच्याही योग्यतेचे नाही, असा हा निवाडा इतका रूढ झाला आहे की त्याची फेरतपासणी करावी असे सुशिक्षितांनाही सहसा वाटत नाही. माझ्या मते हा निवाडा सदोष आहे. कारण ज्याने तो दिला त्याने एका पक्षाची साक्ष ओटीवर बसून रोज ऐकली, आणि दुसऱ्या पक्षाला दावणीला बांधून ठेवून त्याची साक्ष कधी घेतलीच नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात ही साक्ष घेणे एके काळी अवघड नव्हते. येथील गुरे खिलारासारखी उंच व भारदस्त नसतात. ठेंगणी, हलक्या हाडाची, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या डोंगरउतारांवर पाय न घसरू देता चरणारी ही जात पिढ्यान्‌पिढ्या नुसती ‘गावठी’ म्हणून ओळखली जाई, आणि २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या दफ्तरी ‘कोकण कपिला’ या नावाने तिची स्वतंत्र नोंद झाली. अशा नोंदीत उंची, वर्ण, शिंगांची ठेवण, दुधाचे प्रमाण यांना प्राधान्य असते आणि ते योग्यच आहे. पण गुरांमागे आयुष्य घालवलेल्या राखण्याला जे ठाऊक असते ते त्या रकान्यांत मावणारे नाही. सकाळी सुटलेली गुरे कातळावर व पऱ्ह्याच्या काठाने पांगतात, आणि दिवेलागणीच्या सुमारास, राखणा मागे रेंगाळला तरी, आपापल्या वाडीची व वाडीत आपापल्या गोठ्याची वाट बिनचूक धरतात. आत शिरल्यावर ज्याचे त्याचे जनावर ज्याच्या त्याच्या खुंट्यापाशी जाऊन उभे राहते. उन्हाळ्याच्या अखेरीस कोणत्या डोहात पाणी शिल्लक असते, कोणता गडगा कोठे ढासळला आहे, कोणत्या आगराचे बेडे निष्काळजीपणाने लावलेले असते, याचे ज्ञान कळपातील जुन्या गाईपाशी असते आणि कालवडी तिच्यामागे हिंडून ते आत्मसात करतात. स्थळाची स्मृती, काळाचे भान, अनुभवाचे हस्तांतर, यांखेरीज बुद्धी म्हणून आपण आणखी कशाची अपेक्षा करतो?

शेतकऱ्याच्या तोंडचे मत काहीही असो, त्याने केलेला बंदोबस्त निराळेच बोलतो. पिकात घुसण्याची चटक लागलेल्या गाईच्या गळ्यात लाकडाचे लोढणे अडकवावे लागते, बैलाला वेसण घालावी लागते, आणि शेळ्यांच्या दाराची कडी शेळीच्या तोंडाला पोचणार नाही अशी बसवावी लागते. ज्या प्राण्याला हेतू नाही, युक्ती नाही आणि काल खाल्लेल्या कोवळ्या लोंब्यांची आठवण नाही, त्याच्यासाठी इतकी तजवीज कोणी केली नसती. चिखलणीच्या दिवसांत नवा खोंड जोताला लावायचा तर त्याच्या जोडीला मुरलेला बैल देतात, कारण नांगऱ्याच्या शब्दाचा अर्थ खोंडाला नांगऱ्याकडून जितका कळतो त्याहून अधिक जोडीदाराच्या चालीवरून कळतो. अरुंद खाचराच्या कोपऱ्यात, पोटरीभर चिखलात, बांध न तुडवता नुसत्या शब्दावर वळणारा बैल ज्याने पाहिला आहे त्याने गुराला मंद म्हणावे, ही निरीक्षणाची नव्हे, आदराची उणीव आहे.

कुत्र्याचे मोठेपण यामुळे तिळमात्र कमी होत नाही, आणि ते कमी करून दाखवण्याचा माझा उद्देशही नाही. आंब्याच्या हंगामात रात्रंदिवस बागेची राखण करणारा, धन्याच्या पावलाचा आवाज दुरून ओळखणारा आणि त्याच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर थांबणारा हा प्राणी मनुष्याच्या इतक्या निकट आला आहे की तितके दुसरे कोणी आलेले नाही. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अन्न हाती न लागण्याची अडचण उभी राहताच कुत्र्यांनी मागे वळून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. माणसांच्याच हातांवर वाढलेल्या लांडग्यांनी मात्र क्वचितच तसे केले. अमेरिकेत जॉन पिली या मानसशास्त्रज्ञाने आपल्या चेसर नावाच्या कुत्रीला हजाराहून अधिक वस्तूंची नावे शिकवली, व २०११ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. हे सर्व विस्मयकारक आहे. परंतु या दोन्ही परीक्षांत तपासले काय गेले, तर मनुष्याकडे किती लक्ष आहे आणि मनुष्याची भाषा किती पोचते हे. जो प्राणी आमच्याकडे पाहतो तो आम्हाला बुद्धिमान वाटतो, आणि जो गवताकडे, आभाळाकडे व आपल्या कळपाकडे पाहतो तो निर्बुद्ध, हा मापदंड परीक्षकाने स्वतःच्याच उंचीवरून कापून घेतलेला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा खुरांच्या ठोक्यांनी गणिते सोडवतो अशी ख्याती पसरली होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या तपासात असे सिद्ध झाले की ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नसे तो प्रश्न घोड्यालाही सुटत नसे. योग्य ठोका येताच विचारणाऱ्याच्या मानेत व चेहऱ्यात नकळत होणारी हालचाल पाहून तो थांबत असे. तेव्हापासून हान्सचे नाव फसगतीचे उदाहरण म्हणून घेतले जाते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण जी हालचाल भोवतालच्या विद्वानांपैकी एकालाही दिसली नव्हती ती त्या पशूला दिसली होती.

गोठ्यातील प्राण्यांची पद्धतशीर परीक्षा घेण्यास अलीकडे सुरुवात झाली, आणि तिचे निकाल जुन्या निवाड्याला पोषक नाहीत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी शेळ्यांपुढे एक पेटी ठेवली. दोरी ओढून मग दांडा उचलल्याखेरीज आतला खाऊ मिळत नसे. बारांपैकी नऊ शेळ्यांनी ही क्रिया साध्य केली, आणि दहा महिन्यांनी तीच पेटी पुन्हा समोर आल्यावर त्यांपैकी बहुतेकींनी मिनिटभराच्या आत ती उघडली. पुढे २०१६ साली, न उघडणारी पेटी समोर आली असता शेळ्याही कुत्र्यांप्रमाणेच माणसाच्या तोंडाकडे पाहतात, असे त्याच विद्यापीठातून प्रसिद्ध झाले. म्हणजे जो गुण केवळ कुत्र्याचा मानला होता तोही त्याचा एकट्याचा ठरला नाही. मेंढ्यांना पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ आठवतात, हे २००१ सालीच दिसून आले होते. केंब्रिजच्या प्रयोगातील कालवडी तर फळी दाबून दार उघडण्याची युक्ती आपल्याला साधली असे उमगताच उत्तेजित होत. शिकण्याचा आनंद गुरालाही होत असावा असे मानण्यास यात आधार आहे.

डुकराचे प्रकरण स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे, कारण त्याच्याविषयीच्या तिरस्काराने आपली दृष्टी सर्वांत अधिक झाकोळली आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात चार डुकरांनी नाकाने दांडा हलवून पडद्यावरील ठिपका नेमक्या लक्ष्यावर नेण्याची कला संपादन केली. माकडांइतके प्रावीण्य त्यांना आले नाही. परंतु डोळे जवळचे न पाहणारे आणि हात मुळीच नसणारे हे प्राणी स्वतःची हालचाल व दूरच्या पडद्यावरील घडामोड यांचा संबंध जोडू शकले, आणि खाऊ देणारे यंत्र बिघडले तेव्हा नुसत्या शाबासकीच्या शब्दांवरही त्यांनी काम चालू ठेवले. शब्दावर खूश होणारा प्राणी म्हणून ज्याची आपण स्तुती करतो, त्याच्यापासून हे वर्तन किती दूर आहे?

यावर एक हरकत घेतली जाईल आणि ती विचारार्ह आहे. लॉइड मॉर्गन या मानसशास्त्रज्ञाने १८९४ साली असा दंडक घातला की ज्या वर्तनाचा उलगडा खालच्या पातळीवरील मनोव्यापाराने होतो त्यासाठी वरच्या पातळीचा व्यापार गृहीत धरू नये. गाय घरी परतते ती सवयीने, बैल वळतो तो धाकाने, असे या दंडकाच्या आधारे म्हणता येईल. माझे म्हणणे इतकेच की दंडक दोन्ही पक्षांना सारखा लागू व्हावा. कुत्रा अपराध करून खजील होतो अशी त्याच्या प्रत्येक धन्याची खात्री असते. परंतु अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली दाखवले की ती खजील मुद्रा अपराधाशी नव्हे, तर धन्याच्या रागावण्याशी जुळते, आणि निरपराध कुत्र्यावर रागावले तरीही ती उमटते. आपण कुत्र्याला संशयाचा फायदा देतो आणि गुराकडे मात्र प्रत्येक गुणाचा लेखी पुरावा मागतो.

याच रत्नागिरीत, १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात, सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करावे, पूजन करू नये, असा पक्ष मांडला, आणि त्यावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. त्या वादाच्या राजकारणात मी शिरत नाही. परंतु पूजा आणि उपयोग ही दोन्ही टोके मनुष्याच्या गरजेवरच बांधलेली आहेत; देव्हाऱ्यात बसवलेल्या किंवा जमाखर्चात मांडलेल्या प्राण्याला स्वतःला काय कळते, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडतो. कायद्याचीही स्थिती निराळी नाही. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने विहित पद्धतीने शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे व वेसण घालणे या गोष्टी छळाच्या व्याख्येतून वगळल्या, आणि त्याच कलमात बेवारस कुत्रे ठार करण्यासही सूट ठेवली. ओटीवरचा कुत्रा आणि रस्त्यावरचा कुत्रा यांच्या बुद्धीत भेद नसतो. भेद असतो तो त्यांच्या मालकीत. आपल्या दयेचे वाटप बुद्धीच्या प्रमाणात होते, ही समजूत या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

मग बुद्धीची चर्चा करावी तरी कशाला? वेदना होण्यास हुशारी लागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्याला मन आहे त्याला नुसता चारा पुरत नाही, आणि कोणते मन कशावाचून कोमेजते हे जाणून घेतल्याखेरीज त्याचे पालन नीट होणार नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की एकटी कोंडलेली वासरे, शिकलेला नियम बदलताच, सोबतीत वाढलेल्या वासरांहून मागे पडतात. म्हणजे गुराचा जो मंदपणा आपण त्याच्या स्वभावावर लादतो त्याचा काही भाग तरी आपल्याच दावणीने निर्माण केलेला असतो.

आज जिल्ह्यात पॉवर टिलर आल्यापासून जोत मागे पडले, राखण्याच्या कामाला तरुण मिळत नाहीत, आणि गुरे एक तर दिवसभर बांधलेली असतात किंवा वाऱ्यावर सोडून दिलेली. पावसाळ्यातील रात्री महामार्गावर बसलेली गुरे पाहून वाहनचालक त्यांना मूर्ख म्हणतात. परंतु भिजलेल्या रानापेक्षा तेथे जमीन कोरडी असते व माशा कमी असतात, ही निवड जनावराच्या दृष्टीने विचाराची आहे, आणि तिच्यामुळे होणाऱ्या अपघाताची जबाबदारी ज्याने त्याला घराबाहेर काढले त्याच्यावर येते. ज्यांच्या गोठ्यात अजून दोन गुरे उरली आहेत त्यांना माझी विनंती आहे की लोंबी घरात येताच दिवसातून काही तास तरी त्यांची दावी सोडा, त्यांना डोंगरावर जाऊ द्या, आणि वासराला एकटे बांधू नका. आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विनंती आहे की दुधाच्या व चाऱ्याच्या संशोधनाबरोबर, गावोगावी जे थोडे वृद्ध राखणे उरले आहेत त्यांच्यापाशी बसून, गुरांच्या वागण्याविषयी त्यांना जे जे माहीत आहे ते त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावे.