देणगी गोळा करणाऱ्याचा मोबदला

दीनी मदरसे, रुग्णसेवा व शिष्यवृत्तीच्या संस्था आता निधीसाठी केवळ पावतीपुस्तकावर विसंबून राहत नाहीत. त्या कार्यक्रम घेतात, मंगल कार्यालय ठरवतात, चित्रफीत दाखवतात आणि हे सर्व जुळवून आणणारा माणूस पगारावर ठेवतात. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावातील पदवीधर तरुणांनाही अशी कामे मिळू लागली आहेत. तेव्हा ते विचारतात : गरिबांच्या नावाने पैसा गोळा करावा आणि त्यातून स्वतःचे घर चालवावे, हे हलाल आहे काय?

मोबदल्याविषयी मूळ तत्त्व स्पष्ट आहे. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत जकात वसूल करण्यासाठी नेमलेला माणूसही आहे. म्हणजे दानाच्या कामाला श्रम लागतात आणि श्रमाला मोल असते, हे शरीअतला मान्य आहे. आजच्या संस्थेचा कर्मचारी तंतोतंत त्या शासकीय वसुलदाराच्या जागी बसतो की नाही, यावर उलमांत मतभेद आहेत. म्हणून त्याचा पगार जकातीऐवजी सर्वसाधारण देणग्यांतून द्यावा, यात अधिक सावधगिरी आहे.

टक्केवारीचा प्रश्न मात्र वेगळा. 'जितके आणाल त्याचा अमुक हिस्सा तुमचा' हा करार अनेक हनफी मुफ्तींनी नाकारला आहे. कारण मजुरी आधी निश्चित होत नाही आणि ती त्याच कामाच्या उत्पन्नातून द्यायची असते. यामागे नैतिक कारणही दिसते. हिस्सा ठरला की मागणाऱ्याच्या प्रत्येक अश्रूला भाव येतो. लहान संस्थांना निश्चित पगार परवडत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावर उपाय कमी दिवसांचा ठरावीक मेहनताना हा आहे.

इब्नुल् लुत्बिय्या यांची हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. वसुलीहून परतल्यावर त्यांनी काही माल वेगळा काढला व तो आपल्याला भेट मिळाल्याचे सांगितले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले की, हा मनुष्य आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? मंडपवाल्याकडून, छपाईवाल्याकडून 'आपले' काही घेणाऱ्या प्रत्येक आयोजकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आता कार्यक्रमाविषयी. सहीह मुस्लिममध्ये मुदर कबील्याच्या फाटक्या वस्त्रांतील लोकांचा प्रसंग आहे. त्यांना पाहून प्रेषितांचा (स.) चेहरा पालटला. त्यांनी नमाजनंतर लोकांना आवाहन केले. एका अन्सारीने हातात न मावणारी थैली आणली आणि पाहता पाहता धान्य व कपड्यांचे दोन ढीग झाले. तेव्हा जाहीर आवाहन आणि एकाने दिलेले पाहून दुसऱ्याने देणे, यात गैर काही नाही. पण त्या हदीसमध्ये मुदरच्या लोकांना पुढे उभे करून त्यांचे दुःख वदवून घेतल्याचे कोठेही नाही. लोकांसमोर शब्द प्रेषितांचे (स.) होते, गरिबांची लाज झाकलेली होती. आपल्या मंचावर अनाथ मुलाच्या हाती ध्वनिक्षेपक देणाऱ्यांनी हा फरक ओळखावा.

दात्याच्या नावाचे काय? भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. येथील दात्यांची नोंद सांची व भरहूतच्या स्तूपांवरील शिलालेखांत आढळते. नाव कोरण्याची इच्छा माणसात इतकी जुनी आहे. सूरह बकराच्या 271 व्या आयतीत उघड दान चांगले म्हटले आहे आणि गरिबाला गुप्तपणे दिलेले अधिक चांगले. आयोजकाने दात्याला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवाव्यात. नाव पुकारण्याच्या भयाने कोणाच्या खिशातून पैसा काढू नये. लाजेपोटी दिलेल्यात राजीखुशी कोठे असते?

मुंबईच्या खिलाफत समितीचा निधी 1922-23 च्या सुमारास हिशेबावरून वादात सापडला आणि चळवळीच्या विश्वासाला तडा गेला. कितीही पवित्र उद्देश हिशेबाची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून त्या तरुणांना उत्तर असे : काम अवश्य करा. मात्र आपला पगार दात्यांसमोर मोठ्याने सांगता येईल आणि ज्याच्यासाठी मागितले तो गरीब सभागृहात बसला असता तरी त्याची मान खाली गेली नसती, असेच करा. यापैकी एकही गोष्ट शक्य नसेल तर ती नोकरी सोडलेली बरी. रोजी देणारा अल्लाह आहे.